मामांची घेणेकरी मीच, देणारीही मीच

श्रीवर्धनच्या मामांनी मृत्युपत्रात व्यवस्थापक म्हणून, म्हणजे मागाहून देणी फेडून वाटप करणारी म्हणून, माझं नाव घालायच्या आधी मला विचारलं होतं. "बाय, तुला हिशोब कळतो, तूच बघ." मी पनवेलला दुकानदारांचे जमाखर्च लिहिते, त्यामुळे घरात कुठेही कागद आला की तो माझ्याकडे सरकतो. दुय्यम निबंधकांकडे नोंदणी झाली, दोन साक्षीदारांच्या सह्या झाल्या, चहा झाला. मामांचं देणं ज्यांना होतं त्यांच्यात मीही होते, याबद्दल मात्र त्या दिवशी कोणी काही बोललं नाही.

मामा पोस्टमास्तर म्हणून निवृत्त झाले. मामी आधीच गेली होती, मूलबाळ नव्हतं. घर, घरामागे नारळी-पोफळीची वाडी, थोड्या ठेवी आणि पेन्शन. 3 जून 2020 ला निसर्ग वादळ आलं. त्या दिवशी श्रीवर्धन-दिवेआगर पट्ट्यात काय झालं ते तिथल्या माणसाला सांगायला नको. मामांच्या घराची कौलं गेली, पडवीचे वासे गेले आणि वाडीतल्या निम्म्याअधिक पोफळी आडव्या झाल्या. सरकारी मदत आली, पण पोफळ लावून सुपारी धरायला वर्षं जातात. जुलैत मी मामांना तीन लाखांचा चेक दिला. स्टॅम्पपेपर नाही, वचनचिठ्ठी नाही. मामाकडून कोण लिहून घेतं? बाकीचं त्यांनी पतसंस्थेचं कर्ज काढून आणि हार्डवेअरवाल्याकडे पत्र्यांची उधारी ठेवून भागवलं.

फेब्रुवारी 2024 मध्ये मामा गेले. शेवटचे तीन आठवडे पनवेलच्या हॉस्पिटलात होते. बरंचसं बिल मी भरलं, काही भाग बोरिवलीच्या दादाने, म्हणजे माझ्या मावसभावाने. अंत्यविधी श्रीवर्धनला, दहाव्याचं हरिहरेश्वरला, तेराव्याला गावजेवण. पैसे माझ्या पर्समधूनच जात होते, कारण त्या दिवसांत दुसऱ्या कोणाला विचारत बसणं बरं दिसत नाही.

मृत्युपत्रात घर आणि मोठी वाडी दादा आणि पुण्याच्या ताईला मिळून, विहिरीकडचा वाडीचा तुकडा मला, गावच्या ग्रंथालयाला एक लाख, वाडीतल्या गड्याला पन्नास हजार, आणि उरलेली रोख आम्हा तिघांत सारखी. म्हणजे मी व्यवस्थापक, घेणेकरी आणि वारसदार अशी तिन्ही होते, आणि ठेवींच्या पावत्या माझ्या कपाटात होत्या.

माणगावच्या वकील मॅडमना मी पहिलाच प्रश्न हा विचारला, की माझे पैसे मी घ्यायचे कसे? त्यांनी भारतीय उत्तराधिकार कायदा, 1925 उघडला आणि बोट ठेवून वाचायला लावलं. कलम 320 ते 323. आधी अंत्यविधीचा वाजवी खर्च आणि अखेरच्या आजारपणाचा खर्च, त्यात औषधपाणी आणि मृत्यूपूर्वीच्या एका महिन्याचं राहणं-खाणं धरलेलं. मग प्रोबेटचा, म्हणजे मृत्युपत्र कोर्टाकडून प्रमाणित करून घेण्याचा, आणि मालमत्तेसाठी लागलेल्या कोर्टकामाचा खर्च. मग मजूर, कारागीर किंवा घरगड्याची मृत्यूआधीच्या तीन महिन्यांतली मजुरी. त्यानंतर बाकीची सगळी देणी. आणि 323 मध्ये लिहिलंय की व्यवस्थापकाने माहीत असलेली सगळी देणी, स्वतःचं देणंही त्यात धरून, मालमत्ता पुरेल तिथपर्यंत सारख्या प्रमाणात फेडायची.

"म्हणजे चावी तुमच्या हातात आहे म्हणून तुम्ही रांगेत पुढे जात नाही," मॅडम म्हणाल्या. "आणि मागेही जात नाही. हार्डवेअरवाला जिथे उभा, तिथेच तुम्ही."

तेव्हाच्या कायद्याप्रमाणे, आमची मिळकत मुंबई शहरातली नसल्यामुळे प्रोबेटची सक्ती नव्हती. ऐकायला बरं वाटतं, पण याचा दुसरा अर्थ असा की कोर्ट हिशोब मागणार नाही, म्हणजे नातेवाइकांना तो आपणच द्यायचा. माझ्या मते प्रोबेट नसेल तर व्यवस्थापकाने कागद दुप्पट ठेवावेत.

पहिलं काम, वेगळं खातं. बँकेत मामांच्या नावाने 'मयत यांची मालमत्ता' अशा धर्तीचं खातं उघडता येतं, हे काउंटरवरच्या मुलाला ठाऊक नव्हतं, मॅनेजरना होतं. एका ठेवीवर नॉमिनी म्हणून माझं नाव होतं. दादाचा समज, ती रक्कम आपोआप माझी झाली. तसं नसतं. नॉमिनीला बँक पैसे देते ते बँकेची जबाबदारी संपावी म्हणून, मालकी मृत्युपत्राप्रमाणे किंवा वारसाहक्काप्रमाणेच ठरते. सुप्रीम कोर्टाने हे 1984 मध्ये विम्याच्या बाबतीत, 2010 मध्ये बँक ठेवींच्या बाबतीत आणि 2023 मध्ये शेअरच्या बाबतीत सांगितलं आहे. ती ठेवही मी त्याच खात्यात टाकली. मामांनी हयातीत काढून माळ्यावर ठेवलेली सुपारी विकून जे आले तेही त्यातच. सगळं मिळून आठ लाख दहा हजार जमले.

मग मॅडमनी स्थानिक पेपरात जाहीर नोटीस दिली, की मयतांकडून कोणाचं घेणं असेल तर कागदपत्रांसह तीस दिवसांत कळवावं. पतसंस्थेचं पत्र आलं, एक लाख दहा हजार. हार्डवेअरवाले स्वतः बिलबुक घेऊन आले, बेचाळीस हजार. मामांची सही असलेली तीन चलनं पिनेने टोचलेली, पत्र्याची जाडीसुद्धा लिहिलेली. त्यांच्याबद्दल प्रश्नच नव्हता.

तिसरे गृहस्थ आले ते मामांचे ओळखीचे. ओटीवर बसले, पाणी प्यायले आणि म्हणाले की मामांनी वादळानंतर त्यांच्याकडून पंचवीस हजार हातउसने घेतले होते. कागद? "अहो, मास्तरांकडून कागद कसला घ्यायचा!" बँकेतून काढले होते का? घरातले होते. कोणी पाहिलं? नाही. खोटं बोलत होते असं मी म्हणणार नाही. पण मॅडमनी आधीच बजावलं होतं: पाया नसलेला दावा व्यवस्थापकाने मालमत्तेतून फेडला तर कलम 368 खाली ते नुकसान स्वतःच्या खिशातून भरून द्यावं लागतं. मी नाही म्हणून लेखी कळवलं. ते दुखावले आणि अजून बाजारात भेटले की दुसरीकडे बघतात.

ते गेल्यावर मी माझी फाईल काढली. "मास्तरांकडून कागद कसला घ्यायचा" हे त्यांचं वाक्य, आणि माझ्याकडे तरी दुसरं काय होतं? त्यांच्याकडे जे मागितलं ते सगळं मला माझ्याकडून मागणं भाग होतं. मॅडमचं म्हणणं आणखी कडक होतं. मेलेला माणूस उलट सांगायला येत नाही, म्हणून त्याच्यावरच्या दाव्याला कोर्ट पुरावा जास्त मागतं, आणि दावा करणाराच हिशोब ठेवणारा असेल तर त्याहून जास्त.

माझ्या बँकेचा 2020 चा उतारा मिळाला, चेक मामांच्या नावे वटलेला. पण चेक म्हणजे कर्ज हे त्यातून दिसत नाही, भाचीने मामाला मदत म्हणूनही दिला असेल. शिवाय मुदतीचा प्रश्न. उसने दिलेले पैसे वसूल करायला दिल्या तारखेपासून तीन वर्षं, म्हणजे ती 2023 मध्येच संपल्यासारखी. कोविडमुळे सुप्रीम कोर्टाने वगळलेला काळ धरला तर ती लांबते, पण त्यावर एकट्यावर उभं राहायला मॅडम तयार नव्हत्या. कर्जदाराने मुदतीच्या आत लेखी, सहीनिशी देणं कबूल केलं असेल तर त्या तारखेपासून मुदत नव्याने मोजतात.

इथे पोस्टमास्तर कामाला आले. मामा दरवर्षी दिवाळी पाडव्याला वर्षाचं देणं-घेणं एका रुंद वहीत लिहीत आणि खाली सही-तारीख करून ठेवत. शिक्का नव्हता एवढंच. 2022 च्या पाडव्याच्या पानावर, पतसंस्था आणि पत्रेवाले यांच्या खाली: "बाय (पनवेल) हिचे घरदुरुस्तीसाठी घेतलेले रु. 3,00,000 देणे बाकी." सही. 26-10-2022. त्याच पानावर गड्याला दिलेल्या उचलीचे आकडे, आणि सर्वांत खाली, "वाण्याचे काही नाही." पंचवीस हजारवाल्या गृहस्थांचं नाव मी चारही वर्षांच्या पानांवर शोधलं. नव्हतं.

मी रीतसर दावापत्र लिहिलं. प्रति: व्यवस्थापक. प्रेषक: घेणेकरी. दोन्ही ठिकाणी माझंच नाव, माझाच पत्ता. लिहिताना हसू आलं, पण मॅडमनी एकही ओळ वगळू दिली नाही. त्याच्या प्रती, बँकेचा उतारा आणि वहीच्या पानाची झेरॉक्स जोडून, दादा, ताई आणि ग्रंथालयाला रजिस्टर्ड एडीने पाठवल्या आणि हरकत असल्यास कळवा म्हणून मुदत दिली. माझा अनुभव एवढाच सांगतो की व्यवस्थापकाने स्वतःचं घेणं असंच मागावं. आधी पैसे काढून घेऊन मग हिशोबात "स्वतःचे परत" अशी ओळ टाकली, तर रक्कम खरी असली तरी कोणाचाही विश्वास बसत नाही, आणि बसू नये.

ताईचा फोन आला, "मला का पाठवलंस, तू घे ना." दादाचा आला तो वेगळा.

"वही तुझ्याच ताब्यात होती ना?"

"हो. म्हणूनच चेकचा उतारा लावलाय. वही मॅडमकडे ठेवली आहे, येऊन बघ."

तो आला, मूळ वही चाळली, मागच्या-पुढच्या पानांची शाई बघितली. मला राग आला होता हे खरं, पण त्याच्या जागी मीही तेच केलं असतं. मग त्याने दुसरा मुद्दा काढला: विहिरीकडची वाडी मामांनी मला दिली ती या तीन लाखांच्या बदल्यातच असणार. हा मुद्दा वाटतो तितका फुसका नाही. पण कलम 177 म्हणतं की कर्जदाराने घेणेकऱ्याला मृत्युपत्राने काही दिलं आणि ते कर्जाच्या फेडीसाठी आहे असं मृत्युपत्रावरून दिसत नसेल, तर घेणेकऱ्याला दोन्ही मिळतं. मामांच्या मृत्युपत्रात त्या तुकड्यापुढे "हिला विहिरीची आवड" एवढंच होतं. दादाने शेवटी ना-हरकतीवर सही केली आणि स्वतःच्या अक्षरात खाली लिहिलं, "व्याज नाही या समजुतीवर." व्याज मी मागितलंच नव्हतं, ठरलंही नव्हतं. तरी त्याला लिहू दिलं.

मध्येच त्याने एक तोडगाही सुचवला होता, की रोख कशाला घेतेस, मोठ्या वाडीतला रस्त्याकडचा कोपरा किंमत लावून तूच घे. तो आणि ताई तयार असले तरी मॅडमनी तो तिथल्या तिथे मोडला. मयताची मिळकत व्यवस्थापकाने स्वतः विकत घेतली, सरळ किंवा आडून, तर संबंधित कोणीही ती विक्री रद्द करून घेऊ शकतो. दहा वर्षांनी दादाच्या मुलाला त्या कोपऱ्याचा भाव कळला तर?

हॉस्पिटलचं सोपं होतं. बिलं माझ्या नावाने, पावत्या शाबूत, दादाचे छत्तीस हजार त्याला, दीड लाख मला. अंत्यविधीचं अवघड. कायदा "वाजवी" म्हणतो, मयताच्या दर्जाला साजेसा. लाकडं, भटजी, हरिहरेश्वरची गाडी आणि तिथले विधी मिळून अडतीस हजार झाले, ते मी लावले. गावजेवणाचे चोवीस हजार लावले नाहीत. लावता आले असते असं मॅडमचं मत होतं, मास्तरांना सगळा गाव ओळखत होता. पण ते जेवण ठरवलं मी, पंगती वाढवल्या मी, आणि तेव्हा पैसे कोणाचे हा विचार केला नव्हता. त्यावर दादाशी वाद घालायची माझी तयारी नव्हती.

सेवेचे पैसे मागावेत असं मात्र दोघा-तिघांनी सुचवलं. मामी गेल्यापासून मीच जात होते, औषधं, चेकअप, बँक. त्याचं घेणं होत नाही. तसा काही करार नव्हता आणि नात्यातल्या सेवेला मागाहून दर लावला तर तो कुठल्या हिशोबाने लावणार? मामा गेल्यानंतर मालमत्तेच्या कामासाठी मारलेल्या फेऱ्या वेगळ्या, त्या खर्चात धरल्या. एसटीची तिकिटं मी पाकिटात ठेवत गेले. बायकांना अर्धं तिकीट असल्यामुळे मामांच्या मालमत्तेचा तेवढा फायदाच झाला. व्यवस्थापकाच्या मेहनतान्याबद्दल मृत्युपत्रात काही नव्हतं, मी काही घेतलं नाही. वकील, नोटीस, नकला, टपाल, तिकिटं, सगळं मिळून सत्तावीस हजार.

गड्याचं प्रकरण मला सगळ्यांत जास्त शिकवून गेलं. तो दावा घेऊन आलाच नाही. पेपरातली नोटीस त्याने वाचायचा प्रश्न नव्हता. शिपणं चालू ठेवून तो रोज वाडीत येत होता. मीच वहीत बघून विचारलं, तेव्हा म्हणाला, "ऱ्हायलेत पाच म्हैन्यांचे, पन आता मालकच नाय तर कुनाकडं मागायचं?" नऊ हजार महिना. त्यातले शेवटचे तीन महिने, सत्तावीस हजार, माझ्या तीन लाखांच्या, पतसंस्थेच्या, सगळ्यांच्या आधी. त्यामागचे दोन महिने, अठरा हजार, आमच्या सगळ्यांच्या रांगेत. जो मागायला आला नाही त्याचा हक्क कायद्याने आम्हा बाकीच्या घेणेकऱ्यांच्या वर ठेवला होता. व्यवस्थापकाने माहीत असलेली देणी फेडायची असतात, नुसती मागितलेली नव्हेत.

आता बेरीज. वरच्या क्रमातले खर्च आणि मजुरी दोन लाख अठ्ठ्याहत्तर हजार. साधी देणी, माझ्यासकट, चार लाख सत्तर हजार. राहिले बासष्ट हजार. आणि मृत्युपत्रातल्या रोख देणग्या दीड लाखाच्या, ग्रंथालय एक, गडी अर्धा. कर्जं फिटल्याशिवाय कोणालाच देणगी नाही, आणि पैसे अपुरे पडले तर रोख देणग्या सारख्या प्रमाणात कमी होतात. घर आणि वाड्या नेमून दिलेल्या असल्यामुळे त्यांना हात लागत नाही. ग्रंथालयाला एक्केचाळीस हजार तीनशे तेहतीस, गड्याला वीस हजार सहाशे सदुसष्ट. आम्हा तिघांत वाटायला काहीच नाही.

ग्रंथालयाचे दोन पदाधिकारी भेटायला आले. सभ्य माणसं. "तुमचे तीन लाख पूर्ण, आणि मास्तरांची शेवटची इच्छा निम्मीसुद्धा नाही?" ऐकायला वाईट वाटलं. मामा त्या ग्रंथालयात रोज संध्याकाळी पेपर वाचायला जायचे. पण मामांना स्वतःच्या देण्याच्या आधी दान करता येत नव्हतं, आणि ते स्वतः असते तर केलंही नसतं. पाडव्याच्या पानावर पहिली ओळ नेहमी देण्याची असे. मी त्यांना हिशोबाची प्रत दिली आणि प्रत्येक आकड्यामागची पावती दाखवली. त्यातल्या एकाने अंत्यविधीचा आकडा बघून विचारलं, गावजेवण कुठे आहे? नाही म्हटल्यावर तो विषय तिथेच थांबला.

गड्याची तूट मी माझ्याकडून भरली. पण तीन लाख आधी माझ्या खात्यात पूर्ण आले, पावती झाली, आणि मग माझ्या चेकने त्याला दिले. मालमत्तेच्या हिशोबात त्याची ओळ नाही. घेणं सोडायचं तर तेही उघडपणे सोडावं, हिशोबात मधल्या मध्ये आकडा फिरवू नये, नाहीतर दुसऱ्यांना वाटतं अजून काही फिरवलं असेल. ग्रंथालयाची तूट भरली नाही. तीन लाख ही माझी साठवण होती.

विहिरीकडच्या तुकड्याचं शेवटी केलं. मृत्युपत्राने मिळालेली वस्तू ज्याची त्याच्याकडे जायला व्यवस्थापकाची संमती लागते; व्यवस्थापकाला स्वतःला मिळालेल्या वस्तूलाही स्वतःची संमती द्यावी लागते, आणि तिथलं उत्पन्न आपल्या कामाला वापरलं तर तीही संमतीच धरतात. त्यामुळे देणी फिटेपर्यंत त्या तुकड्यातले नारळ पाडेल्याकडून पाडून घेतले तरी पैसे मालमत्तेच्या खात्यात वेगळे दाखवून ठेवले. सगळी देणी फिटल्यावर दादा-ताईच्या घर-वाडीच्या संमतीपत्रांबरोबर माझंही एक केलं, आणि तिन्ही तलाठ्याकडे फेरफारासाठी एकदम दिली. कायद्याने देणग्या द्यायला मृत्यूपासून एक वर्ष मिळतं. आम्ही जेमतेम त्यात बसलो.

आता राहिलंय ते आयकराचं. मामांचं शेवटचं विवरणपत्र त्यांच्या वारसाच्या नात्याने मी भरलं, आणि मृत्यूनंतर वाटप होईपर्यंतच्या व्याजाचं वेगळं, व्यवस्थापक म्हणून. बँकेने त्यावर कापलेला टीडीएस परत येईल तो काही हजारांचाच, पण आला की पुन्हा त्याच प्रमाणात ग्रंथालय आणि गडी यांच्यात वाटायचा आहे. तोपर्यंत खातं बंद करता येत नाही. दादाला उतारा दर तिमाहीला जातो, त्याने मागितला नाही तरी.